तुझा फोटो, माझं मत आणि एक लाल काजवा

"हा लाल काजवा कुठल्या जातीचा हो?"

ताईंनी साधेपणाने विचारलं आणि खोलीतले बाकीचे सगळे उठून टीव्हीजवळ गेले. पडद्यावर भंडारदऱ्याचा फोटो होता. रानातलं एक जुनं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी लगडलेलं. काढणाऱ्या मित्राला फोनवर त्याबद्दल अंगठे, हृदयं आणि 'कडक भावा' असं सगळं मिळून झालं होतं. एवढ्या सगळ्यांत एकालाही खोडाच्या डावीकडचा लालभडक ठिपका दिसला नव्हता. ताई शाळेत चित्रकला शिकवतात. कॅमेऱ्यातलं आपल्याला काही कळत नाही असं त्या दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी फोटोतली खोट पहिल्यांदा त्यांनाच सापडते.

तो ठिपका काजवा नव्हता. काय होता ते पुढे येईलच.

आम्ही सहा जण महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, एकमेकांचे फोटो बघतो आणि भांडतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कारखान्यात पाळीवर जाणारा मित्र, ताई, दोन कॉलेजातली मुलं आणि मी. ही रीत काही आमची नवी नव्हे. मुंबईत १८५४ सालीच 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' सुरू झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू, पेशाने डॉक्टर असलेले नारायण दाजी त्या मंडळींत होते. दिवसभर दुसरं काम करून उरलेल्या वेळात कॅमेरा हातात घेणाऱ्यांची आपल्याकडची परंपरा अशी जुनी आहे.

पण नुसतं जमून काही होत नाही. पहिले सहा महिने आमच्या बैठकीत दोनच वाक्यं ऐकू यायची: "मस्त आलाय" आणि "मी असतो तर असा काढला नसता". पहिल्याने कुणी शिकत नाही, दुसऱ्याने रुसवे होतात. चुकत चुकत जी पद्धत बसली ती इथे देतो. तुमचा दोघा-तिघांचा गट असला तरी चालेल.

माणसं थोडी, फोटो त्याहून थोडे

चार ते सात माणसं पुरेत. त्यापेक्षा जास्त झाली की बोलणारे दोघं-तिघंच उरतात आणि बाकीचे चहाची वाट बघतात. प्रत्येकाने दोन फोटो आणायचे, दोनच. पंचवीस फोटोंचं फोल्डर आणणाऱ्याला आमच्याकडे काका सरळ सांगतात, "बाळा, आधी घरी निवडून ये." निवड करणं हा फोटोग्राफीचा निम्मा भाग आहे आणि तो दुसऱ्याच्या वेळेत करायचा नसतो.

दोनपैकी एक फोटो अडलेला असावा. म्हणजे काहीतरी बिनसलंय हे कळतंय, पण काय ते कळत नाही, असा. फक्त सर्वोत्तम फोटो आणले की माणूस शाबासकी घ्यायला येतो आणि ती मिळाली नाही की घुश्शात घरी जातो.

दर फोटोला दहा-बारा मिनिटं. घड्याळ लावा. आमच्याकडे पाळीवाला मित्र फोनवर गजर लावतो आणि गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं.

फोटो आणायचा कसा

हे कंटाळवाणं प्रकरण आहे, पण यात चूक झाली की पुढची सगळी चर्चा भलत्याच गोष्टीवर होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो दाबून लहान होतो. आकाशात पट्टे उमटतात, सावल्यांतला तपशील पुसला जातो आणि फोटोसोबत असलेली शटर (किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं होतं) आणि आयएसओची (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता) माहितीही निघून जाते. मग "तुझ्या फोटोत नॉइज, म्हणजे दाणे, फार आहे" म्हणून कुणीतरी सुरू होतं आणि दोष असतो पाठवण्याच्या पद्धतीचा. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर आणा. रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांना समजणारी रंगपद्धत) ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर माणसांचे चेहरे फिके, आजारी दिसायचे. सोबत मूळ फाइलही आणा, काहीही न केलेली. संस्कार केलेला फोटो आणि मूळ फोटो शेजारी ठेवून जेवढं शिकता येतं तेवढं कुठल्याच व्हिडिओतून शिकता येत नाही.

सगळ्यांनी एकाच पडद्यावर बघायचं. आपापल्या फोनवर बघितलं की सहा जण सहा वेगळे फोटो बघत असतात. टीव्ही वापरत असाल तर त्याचा 'व्हिव्हिड' मोड आधी बंद करा, त्यात प्रत्येक पालक मेथीपेक्षा हिरवी आणि प्रत्येक मेथी प्लास्टिकची दिसते. खोलीत मध्यम उजेड असू द्या. अंधाऱ्या खोलीत तळपत्या पडद्यावर फोटो उजळ वाटतो, आणि तोच छापून आणला की काळवंडलेला निघतो.

आणि जमेल तेव्हा छापून आणा. ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरले तर २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. दहा वर्षांपूर्वीचा कॅमेराही तेवढे सहज देतो. छापलेला फोटो हातात आला की माणसं आपोआप हळू बोलतात, जास्त वेळ बघतात. असं का होतं ते मला अजून उमगलेलं नाही.

पहिली पाच मिनिटं काढणाऱ्याने गप्प बसायचं

आमचा सगळ्यात कडक नियम हाच. फोटो लागला की काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. कुठे काढला, किती वाजता उठलो, किती चढलो, पाय कसा मुरगळला, काही सांगायचं नाही. पहाटे तीनला उठून हरिश्चंद्रगड चढलात याबद्दल आदर आहेच. पण कोकणकड्याचा फोटो वाकडा आला असेल तर तो वाकडाच.

या पाच मिनिटांत बाकीच्यांनी फक्त दिसतंय ते सांगायचं. चांगलं-वाईट इतक्यात नको. "माझी नजर आधी उजवीकडच्या पांढऱ्या पिशवीवर गेली, मग माणसाकडे." "मला हे संध्याकाळचं वाटलं." "मागचा खांब आजोबांच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतोय." काढणाऱ्याला यातून फुकटात एक गोष्ट कळते: त्याच्या मनात जे होतं त्यातलं चौकटीत किती उतरलं. तुम्ही नातवाचं हसू टिपलंत आणि चौघांनी आधी मागचा गॅस सिलिंडर पाहिला, तर तो त्या दिवशी सिलिंडरचा फोटो आहे.

बघायला मदत करणाऱ्या दोन-तीन जुन्या युक्त्या. फोटो उलटा करून बघा, वरचं खाली. माणूस, झाड, देऊळ अशी नावं गळून पडतात आणि उजेड-अंधाराचे नुसते आकार उरतात. मग कुठली बाजू जड झाली ते लगेच दिसतं. फोटो टपाल तिकिटाएवढा लहान करून बघा. त्या आकारातही कळला तर रचना पक्की आहे. ताईंनी आणलेली युक्ती सगळ्यात स्वस्त: जुन्या लग्नपत्रिकेचे इंग्रजी एल अक्षरासारखे दोन तुकडे कापायचे आणि प्रिंटवर ठेवून सरकवत राहायचं. चौकट लहान-मोठी, उभी-आडवी होते, आणि "इथून कापला असता तर" हा वाद तोंडाने घालण्याऐवजी पुठ्ठ्याने मिटतो.

पाच मिनिटं झाली की काढणारा बोलतो, आणि मग खरी मजा सुरू होते.

वाद कुठल्या जातीचा, ते आधी बघा

आमच्या बैठकीत दोन-अडीच वर्षांनी एक गोष्ट लक्षात आली. आम्ही तीन निरनिराळ्या गोष्टींवरून भांडत होतो आणि तिन्हींवर एकाच सुरात. काही वाद तंत्राचे असतात. त्यावर बोलत बसायचं नाही, करून बघायचं. काही आवडीचे असतात, ते कधीच मिटणार नाहीत. आणि काही खरेपणाचे असतात: असं दृश्य होतं का, आणि होतं म्हणून सांगावं का. तंत्राच्या प्रश्नाला "शेवटी आपली आवड" असं उत्तर आलं की शिकणं थांबतं. आवडीच्या प्रश्नाला "हे चूकच" असं उत्तर आलं की मैत्री थांबते.

काजव्यांच्या त्या एका फोटोत तिन्ही जातींचे वाद होते, म्हणून तोच घेतो. शिवाय दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच की हा फोटो काढतात कसा.

काजव्यांचा फोटो, पहिल्यापासून

सह्याद्रीत काजव्यांचा हंगाम ढोबळमानाने मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरींपासून पाऊस नेटाने लागेपर्यंत. अकोले तालुक्यातला भंडारदरा, घाटघरचा परिसर आणि पुरुषवाडी, इकडे लोणावळ्याकडून राजमाची, ही नेहमीची ठिकाणं. भंडारदऱ्याकडचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याच्या वेळा आणि नियम जाण्याआधी विचारून घ्या. अमावास्येच्या मागचे-पुढचे दिवस निवडा आणि शनिवार-रविवार टाळा. गाड्यांच्या दिव्यांत काजवेही दिसत नाहीत आणि फोटोही मिळत नाही.

उजेड असतानाच पोहोचा. झाड निवडा: हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, जिथे काजवे जास्त बसतात ते गावातली पोरं बरोबर सांगतात. ट्रायपॉड रोवा आणि त्याच्या मधल्या हुकाला पिशवी टांगा. झाडाच्या खोडावर फोकस करून घ्या, फोकस मॅन्युअलवर टाका आणि लेन्सच्या रिंगला चिकटपट्टी लावून टाका. अंधारात कोपर लागून फोकस हलला तर ते घरी आल्यावरच कळतं. माझं एक अख्खं वर्ष असंच गेलंय.

मग कॅमेऱ्याचे सगळे दिवे विझवायचे. फ्लॅश तर नाहीच. फोकसला मदत करणारा नारिंगी दिवा बंद, मागचा पडदा कमीत कमी उजेडावर, कार्डाच्या लुकलुकत्या दिव्यावर काळी पट्टी. हे फोटोसाठी आहेच, पण त्याहून जास्त काजव्यांसाठी. तो उजेड म्हणजे नर-मादीचं एकमेकांना सांगणं असतं, आणि आपल्या टॉर्चच्या झोतात ते ऐकू जात नाही. गवतातही शिरू नका. बऱ्याच जातींत अळ्या जमिनीवरच असतात, काहींच्या माद्यांना उडता येत नाही, आणि अंधारात पाय कशावर पडला ते कळत नाही.

आकडे: अ‍ॅपर्चर जेवढं उघडेल तेवढं, एफ २.८ किंवा १.८. आयएसओ १६०० पासून सुरुवात. शटर १५ ते २० सेकंद. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद. नाहीतर दर २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डोळे मिटून बसतो आणि निम्मे काजवे निसटतात. मग इंटरव्हलोमीटर (ठरल्या अंतराने आपोआप शटर दाबणारं उपकरण) लावून एकामागून एक तीस-चाळीस फ्रेम. सोबत जास्तीची बॅटरी.

इथे आमचा पहिला वाद झाला. पाळीवाल्या मित्राचं म्हणणं, शटर ३० सेकंदांचं केलं की काजवे जास्त उजळ येतील. काका म्हणाले, येणार नाहीत. अर्धा तास दोघं भांडले. हा तंत्राचा वाद, म्हणून पुढच्या खेपेला करून पाहिलं: तेच झाड, तेच अ‍ॅपर्चर, तोच आयएसओ, शटर ५, १०, २० आणि ४० सेकंद. घरी येऊन एकेक ठिपका मोठा करून बघितला. काका बरोबर होते. काजवा क्षणभर चमकतो आणि पुढे उडतो. त्याची चमक सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या, एका जागी पडते ती तेवढ्या क्षणापुरतीच, मग शटर ५ सेकंद उघडं असो की ४०. शटर वाढवलं तर ठिपक्यांची संख्या वाढते आणि मागचं आकाश उजळतं, ठिपका तेवढाच राहतो. ठिपका उजळ करायचा तर अ‍ॅपर्चर किंवा आयएसओ. २.८ वरून १.८ वर गेलात तर जवळजवळ अडीचपट उजेड मिळतो. फक्त एकाच पानावर बसून पुन्हा पुन्हा चमकणारा काजवा या हिशेबाला अपवाद, कारण त्याचा उजेड एकाच जागी साठत जातो. मित्राने तेवढ्यावरून "बघा, थोडा मीही बरोबर" असं म्हणून घेतलंच.

घरी आल्यावर या सगळ्या फ्रेम एकावर एक रचायच्या. गिम्प हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सगळ्या फाइली लेयर, म्हणजे एकावर एक थर, म्हणून उघडायच्या आणि वरच्या प्रत्येक लेयरचा मोड 'लाइटन ओन्ली' करायचा. याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक जागी सगळ्या फ्रेममधला सर्वांत उजळ पिक्सेल तेवढा ठेवला जातो. स्टारस्टॅक्स हे आणखी एक फुकट सॉफ्टवेअर हेच काम आपणहून करतं. रचण्याआधी फ्रेम एकेक करून बघा. कुणाचा टॉर्च, गाडीचा दिवा किंवा विमानाची रेघ असलेली फ्रेम बाजूला काढा. चौकटीत आकाश असेल तर तारे सरकलेले दिसतील. दहा मिनिटांत ते अडीच अंश सरकतात, तेव्हा आकाश एकाच फ्रेममधलं ठेवावं लागतं.

आता तो लाल ठिपका. सेन्सर तापला, शटर लांब उघडं राहिलं की काही पिक्सेल उजेड नसतानाही पेटतात. यांना हॉट पिक्सेल म्हणतात. जूनच्या उकाड्यात, लागोपाठ चाळीस फ्रेम काढल्यावर ते वाढतात, आणि 'लाइटन' मोड तर उजळ दिसेल ते इमानदारीने ठेवून घेतो. लाल, निळे, पांढरे, काही वेळा नेमके हिरवेसुद्धा. ओळखायचे कसे? काजव्याचा ठिपका जरा पसरट, कडा मऊ, बहुतेकदा छोटीशी रेघ, आणि पुढच्या फ्रेममध्ये तो तिथे नसतो. हॉट पिक्सेल सुईने टोचल्यासारखा, आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. मित्राच्या फोटोत असे साठ-सत्तर तरी होते. लाल एक दिसला म्हणून बाकीचे सापडले, हिरवे तर काजव्यांत बेमालूम मिसळून गेले होते.

उपाय सोपा. शूटिंग संपल्यावर लगेच, लेन्सला टोपण लावून, त्याच आयएसओ आणि शटरवर चार-पाच फ्रेम काढायच्या. या काळ्या फ्रेममध्ये फक्त हॉट पिक्सेल असतात. स्टारस्टॅक्समध्ये त्या 'डार्क' म्हणून वेगळ्या देता येतात आणि तेवढे ठिपके वजा होतात. टोपण लावायची ही पाच मिनिटं सगळे विसरतात, कारण तोवर पोटात कावळे कोकलत असतात आणि गावात पिठलं-भाकरी तयार असते.

मग हा फोटो खरा का?

ठिपके स्वच्छ झाले. पुढच्या बैठकीत तोच फोटो पुन्हा लागला आणि काका म्हणाले, "मी त्या झाडाखाली तुझ्या शेजारी उभा होतो. मला हे दिसलं नव्हतं."

मित्राने तब्बल १५० फ्रेम रचल्या होत्या. झाड लग्नाच्या मांडवासारखं झालं होतं. काकांचं म्हणणं, एका वेळी डोळ्यांना वीस-पंचवीस काजवे दिसतात, विझतात, दुसरीकडे पेटतात. त्या लुकलुकण्यातच सगळी गंमत. फोटोत लुकलुक गेली आणि नुसती रोषणाई उरली. मित्राचं म्हणणं, प्रत्येक ठिपका तिथे खरोखर चमकला होता, मी एकही रंगवलेला नाही. कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या फोनचा नाइट मोडसुद्धा अनेक फ्रेम जोडूनच फोटो बनवतो, तो तुम्हाला खरा वाटतो ना?" काका गप्प झाले, पण पटलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं.

असा वाद निघाला की जगात इतरत्र त्यावर काय ठरलंय ते काढून बघायचं, ही आमची पुढची पायरी. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, फियाप (फोटोग्राफी संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या संस्थांनी मिळून स्पर्धांसाठी निसर्गचित्राची एक व्याख्या केली, ती २०१५ पासून लागू झाली. तिच्यात मूळ दृश्यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. पण फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडणं), एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडणं), उजळ-गडद करणं चालतं. फोटो शेजारी शेजारी जोडून केलेला पॅनोरामा मात्र त्या व्याख्येत चालत नव्हता. काजव्यांची थप्पी यात कुठे बसते यावर आमचा आणखी एक रविवार गेला. दुसरीकडे, २०२३ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत कीटकांसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या विभागात श्रीराम मुरली यांचा तमिळनाडूतल्या अनामलाईच्या काजव्यांचा फोटो पहिला आला. तो १९ सेकंदांच्या ५० फ्रेम एकत्र करून बनवलेला आहे, आणि तसं त्यासोबत सांगितलेलं आहे. सुमारे १६ मिनिटांचं रान एका चौकटीत.

सांगितलेलं आहे, यावर आमची गाडी थांबली. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या उभ्या मुखपृष्ठावर आडवा फोटो बसवायला गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते, आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. वाचकांना आधीच कळलं असतं तर त्यावरून एवढं वादळ उठलं नसतं. तेव्हापासून आमच्याकडे रचलेल्या फोटोखाली ओळ लिहायची. मित्राने फ्रेम कमी करून नवा फोटो बनवला आणि लिहिलं: "एक झाड, ३८ फ्रेम, प्रत्येकी १५ सेकंद. साडेनऊ मिनिटांत चमकलेले काजवे एकत्र." ओळ वाचून काका म्हणाले, "आता ठीक." फोटो आवडला, असं मात्र म्हणाले नाहीत. तो आवडीचा वाद, आणि तो तसाच आहे.

किती फ्रेम रचाव्यात यावर माझं मत विचाराल तर दहा ते चाळीस. दहाला झाड जिवंत वाटतं, चाळीसला भरगच्च, शंभरच्या पुढे वीजबिलाची आठवण होते.

आवडीवर बोलायचं तर कसं

"मला नाही आवडला" एवढ्यावर थांबायची आमच्याकडे मुभा नाही. पुढे "कारण" लागतं, आणि त्या कारणात बोट ठेवता येईल अशी फोटोतली एक जागा लागते. "फ्लॅट वाटतोय" हे कारण नाही. "चेहऱ्याची दोन्ही बाजू सारख्याच उजळ आहेत म्हणून गाल सपाट दिसतोय" हे कारण आहे. दुसरं, "तू असं करायला हवं होतंस" ऐवजी "मी इथून एक पाऊल डावीकडे जाऊन बघितलं असतं". वाक्य तेवढंच लांब, पण ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी येत नाही.

आवडीच्या वादात बऱ्याचदा तंत्र लपलेलं असतं, ते वेगळं काढा. कॉलेजातल्या मुलाने दिवे घाटातल्या पालखीचा फोटो आणला. चौकटभर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, आणि सगळं राखेच्या रंगाचं. तो म्हणाला, मला असा उदास मूड आवडतो. ताईंनी विचारलं, "ठरवून केलास की झाला?" झाला होता. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला जग मध्यम करडं असावं असं वाटतं. चौकट पांढऱ्याने भरली की तो फोटो काळवंडवतो, काळ्या कातळाने किंवा म्हशींनी भरली की उजळवतो. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक, काळ्यासाठी तेवढंच उणे, आणि मग हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते बघायचं. भर उन्हात, काळ्या सावलीत एखादाच पांढरा सदरा असेल तर उलटं होतं, तोच जळतो. हे समजल्यावरही त्याला करडाच आवडला, तर तो त्याचा हक्क. त्याने पुढच्या वर्षी दोन्ही प्रकारे काढले आणि पांढरा निवडला.

काही वाद मात्र यांपैकी कशातच बसत नाहीत. त्याच वारीत काढलेला, रस्त्याकडेला पिशवीवर डोकं ठेवून झोपलेल्या एका आजींचा फोटो त्याने दाखवला. उजेड सुरेख, रचना सुरेख. ताई म्हणाल्या, आजींना विचारलं होतंस? झोपलेल्या माणसाला कसं विचारणार, हे त्याचं उत्तर. काकांच्या मते असे फोटो कुणी काढलेच नसते तर वारीची आठवण उरली नसती. मला अजून ठरवता आलेलं नाही. फोटो आमच्या सहा जणांपलीकडे गेला नाही, एवढंच झालं.

एकच जागा, एकच तास

तीन-चार महिन्यांतून एकदा बैठक घरी न घेता बाहेर घ्या. जागा लहान असू द्या. आम्ही पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत सकाळी सात ते आठ असा एक तास ठरवला होता. प्रत्येकाने एकच फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ किंवा रुंद दाखवते ते), ५० किंवा ३५ मिलिमीटर, झूम असेल तर चिकटपट्टी. फोनवाल्याने झूम करायचं नाही. पन्नासपेक्षा जास्त फोटो नाहीत. आणि भाजीवाल्या मावशींच्या गिऱ्हाइकांत आडवं उभं राहायचं नाही, ज्यांचा फोटो काढाल त्यांच्याकडून निदान कोथिंबिरीची जुडी घ्यायची.

नंतर चहा-क्रीमरोल घेत एकेकाचे दोन फोटो बघायचे. सगळे एकाच छपराखाली, एकाच उजेडात होते. "तुझा कॅमेरा भारी म्हणून" हे कारण इथे चालत नाही. काका तासभर एकाच लिंबाच्या ढिगाजवळ उभे राहिले आणि वरच्या झरोक्यातला कवडसा त्यावर येईपर्यंत हलले नाहीत. पाळीवाल्या मित्राने तेवढ्या वेळात मंडई तीनदा पालथी घातली. दोघांनाही दुसऱ्याची पद्धत वेडेपणाची वाटली. पुढच्या वेळी त्यांनी पद्धती बदलून घ्यायच्या असं आम्हीच ठरवून दिलं. मित्र एका जागी वीस मिनिटं टिकला, पण त्या वीस मिनिटांतला वजनकाट्यावर ठेवलेल्या हाताचा फोटो त्याने स्वतःच छापून घेतला.

वही

शेवटचं काम पाच मिनिटांचं. एक साधी दोनशे पानी वही. प्रत्येक फोटोखाली तीन ओळी: लोकांना आधी काय दिसलं, वाद कशावर झाला, पुढच्या वेळी काय करून बघायचं. तिसरी ओळ नेहमी क्रियापदाने संपली पाहिजे. "उजेडाकडे लक्ष" असं लिहिलं की कुणी काही करत नाही. "खिडकीच्या डावीकडून, सकाळी नऊच्या आत, पुन्हा काढणे" असं लिहिलं की पुढच्या महिन्यात तो फोटो येतो. बैठकीची सुरुवात मागच्या खेपेच्या तिसऱ्या ओळीने करायची: केलंस का? नसेल केलं तर नवा फोटो नंतर.

आमच्या वहीत काजव्यांच्या पानावर सध्या चौथी ओळ आहे, काकांच्या अक्षरात. "जूनमध्ये, अमावास्येला, एकच फ्रेम. थप्पी नाही. वीस काजवे आले तरी चालतील." बॅटरी त्यांनी आत्ताच चार्ज करून ठेवलीय, आणि मित्राने त्यांना लेन्सचं टोपण खिशात ठेवायला सांगितलंय.